अभ्यासिकेच्या दोन खोल्यांसाठी घरी बनवलेले अचूक डिजिटल घड्याळ: एक प्रकरण अभ्यास

साताऱ्याच्या शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक अभ्यासिका चालते. शेजारशेजारच्या दोन खोल्या आहेत, वर पत्र्याचे छत आहे आणि संचालक गुरुजींचा नियम असा की मोबाईल जिन्यापाशी पेटीत ठेवायचा आणि माडीवर इंटरनेट घ्यायचेच नाही. मनगटी घड्याळ वापरणारी मुले आता फार थोडी उरली असल्यामुळे वर बसलेल्या चाळीसेक जणांना वेळ कळते ती भिंतीवरच्या घड्याळातूनच. दर रविवारी तेथे राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या धर्तीवर सराव चाचणी होते. पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २ तास असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाहेरच्या खोलीतल्या उत्तरपत्रिका गोळा झाल्या तेव्हा आतल्या खोलीतली मुले अजून लिहीत होती, आणि दोन घड्याळांत ८० सेकंदांचा फरक निघाला. एका मुलीने मला जे सांगितले ते पुढच्या सगळ्या कामात माझ्या मनात राहिले: "काका, पेपर लिहिताना आम्ही भिंतीकडे बघतो ते विश्वासानं बघतो."

आतल्या खोलीतले घड्याळ मीच बनवलेले होते. त्यामुळे हा प्रश्न तांत्रिक असण्याआधी माझ्यासाठी जबाबदारीचा होता.

ते जुने घड्याळ डीएस १३०७ या आयसीवर चालत होते. हा आयसी बाहेरून जोडलेल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर वेळ मोजतो. ही संख्या २ चा पंधरावा घात आहे, म्हणून तिचे पंधरा वेळा निम्मे केले की नेमका सेकंदाला एक ठोका मिळतो. गुरुजींची एक सवय येथे फार उपयोगी पडली. ते दर महिन्याच्या १ तारखेला घड्याळ मोबाईलशी ताडून पाहत आणि दुरुस्त करण्यापूर्वी किती फरक होता ते वहीत लिहून ठेवत. त्या वहीत डिसेंबरसाठी ३५ सेकंद मागे आणि मे महिन्यासाठी ४० सेकंद मागे अशा नोंदी होत्या. त्या हिवाळ्यात मात्र डिसेंबर आणि जानेवारीची दुरुस्ती गुरुजी परगावी असल्याने राहून गेली, घड्याळ ७० सेकंद मागे पडले, बाहेरच्या खोलीतले बाजारी क्वार्ट्झ घड्याळ १० सेकंद पुढे होते, आणि ८० सेकंदांचा हिशेब तेथे पुरा झाला.

वही हाती येण्यापूर्वी मी सगळा दोष पत्र्याच्या छताला देत होतो. ३२,७६८ हर्ट्झचे क्रिस्टल साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालते आणि तापमान त्याच्या वर गेले काय किंवा खाली गेले काय, ते मंदच होते. ही मंदी तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि दर अंशवर्गाला सुमारे ०.०३४ पीपीएम, म्हणजे दशलक्षात ०.०३४ भाग इतकी असते. १० अंशांच्या फरकाला ३.४ पीपीएम, म्हणजे दिवसाला ०.३ सेकंद. आता मे महिन्यात खोलीचे सरासरी तापमान ३४ अंश धरले आणि रात्र व दुपार यांचा चढउतारही हिशेबात घेतला, तरी उष्णतेमुळे होणारी मंदी ३.६ पीपीएमच्या आसपास येते. डिसेंबरात तीच दीड पीपीएम येते. पण महिन्याला ४० सेकंद म्हणजे सुमारे १५ पीपीएम. उरलेली सुमारे साडेअकरा पीपीएम ही बारमाही, न बदलणारी चूक होती. आयसीला ज्या क्षमतेचे (कपॅसिटन्सचे, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे) क्रिस्टल अपेक्षित असते आणि प्रत्यक्ष बोर्डावर जी क्षमता त्याच्या वाट्याला येते, त्यांच्या न जुळण्यातून अशी चूक निर्माण होते. ज्याला मी मुख्य गुन्हेगार समजत होतो तो साथीदार निघाला, आणि हे कळले ते कोणत्याही उपकरणामुळे नव्हे, तर शिस्तीने लिहिलेल्या वहीमुळे.

नव्या घड्याळासाठी गुरुजींशी बोलून मी दोन अटी लिहून काढल्या. पहिली, दोन्ही खोल्यांतले आकडे एकाच क्षणी बदलले पाहिजेत. दुसरी, महिन्याला एका सेकंदापेक्षा जास्त चूक होता कामा नये. महिन्याचे सेकंद २५,९२,००० होतात, तेव्हा ही अट ०.३९ पीपीएमची झाली. अट आकड्यात मांडली की पर्याय आपोआप गळू लागतात.

विजेच्या ५० हर्ट्झवर मोजणी करण्याचा जुना मार्ग पहिल्यांदा गळाला. आपल्याकडे ग्रीडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. विजेची मागणी वाढली की ती उतरते, आणि कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे चटकन चालू करून ती सावरता येते. ग्रीडसाठी हा पट्टा उत्तम असला तरी घड्याळासाठी तो फार रुंद आहे. तासभर सरासरी ४९.९५ हर्ट्झ राहिली तर तेवढ्यातच ३.६ सेकंद जातात, आणि वीज गेली की मोजणीच थांबते. इंटरनेटवरून वेळ घेणे सर्वांत सोपे झाले असते, कारण नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखलेली भारतीय प्रमाणवेळ सर्व्हरवरून देते. पण ज्या जागेत इंटरनेट नसणे हेच धोरण आहे, तेथे घड्याळासाठी ते आणणे मला पटले नाही. जीपीएसचा विचार मी जास्त काळ केला. पत्र्याखाली त्याचे संकेत पोहोचत नाहीत, म्हणून अँटेना गॅलरीत लावावा लागला असता, आणि साताऱ्याच्या पावसात ती वायर, तिचे जोड आणि भिंतीतले भोक वर्षानुवर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. अखेर मी ठरवले की जीपीएस घड्याळात बसवायचे नाही. ते माझ्या पिशवीत राहील आणि मोजपट्टी म्हणून काम करील. कायमच्या देखभालीची सोय असलेल्या जागी दुसऱ्या कोणी उलट निर्णय घेतला, तर तोही योग्यच ठरेल.

राहिला डीएस ३२३१ हा वेळ मोजणारा आयसी. यात क्रिस्टल आयसीच्या पोटातच असते. आयसी दर ६४ सेकंदांनी स्वतःचे तापमान मोजतो आणि त्यानुसार क्रिस्टलवरची क्षमता कमीजास्त करून ती वर सांगितलेली मंदी भरून काढतो. ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम हे त्याचे वचन आहे. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त सुमारे ५ सेकंद, जे माझ्या अटीत बसत नव्हते. मात्र त्यात एजिंग नावाचे एक रजिस्टर, म्हणजे आकडा साठवायची जागा, आहे, ज्यात लिहिलेल्या आकड्याच्या दर एककामागे वेग सुमारे ०.१ पीपीएमने बदलतो. ज्याच्याकडे मोजपट्टी आहे त्याला हा आयसी त्याच्या वचनापेक्षा अचूक करून घेता येतो.

सुटे भाग मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. बांधणीविषयी फार लिहीत नाही, कारण ती सरळ होती. सात रेघांनी (सेगमेंटांनी) बनणारे ४ इंची सेव्हन सेगमेंट आकडे सहा, प्रत्येकामागे त्या रेघा पेटवणारा एक टीपीआयसी ६बी५९५ आयसी, दर सेगमेंटला १८० ओहमचा रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा अॅडॅप्टर. आकडे आळीपाळीने न पेटवता सगळे सतत पेटते ठेवले, कारण लांब बसलेल्याला लुकलुक जाणवू नये. बाहेरच्या खोलीत वेळ मोजणारे काहीच ठेवले नाही. तेथे केवळ दुसरा डिस्प्ले आहे आणि आतल्या घड्याळाकडून आरएस ४८५ या लांब वायरीवरून संदेश पाठवण्याच्या पद्धतीने १८ मीटर वायरीवर दर सेकंदाला त्याला वेळ जाते. निरोप पोहोचायला शतांश सेकंद लागतो, जो डोळ्याला कळत नाही. पहिली अट येथेच पूर्ण झाली. वेळ मोजणारा एकच असला की दोन खोल्यांत मतभेद होण्याचे कारण उरत नाही.

एक सूचना मात्र येथेच द्यायला हवी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या डीएस ३२३१ च्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा एक छोटा मार्ग असतो. तो पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी केलेला आहे. आपण त्यात साधा सीआर २०३२ सेल घालतो आणि मॉड्यूलला ५ व्होल्ट देतो, तेव्हा चार्ज न होणारा सेल सतत चार्ज केला जातो. सेल फुगू शकतो, गळू शकतो. मी त्या मार्गातला, डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकला आणि मगच सेल बसवला.

आता मोजणी. जीपीएसचे रिसीव्हर मॉड्यूल दर सेकंदाच्या आरंभी एक स्पंद देते, आणि या कामापुरती त्याची चूक शून्यच मानावी इतकी लहान असते. डीएस ३२३१ सुद्धा दर सेकंदाला एक चौरस लहर देतो. या दोन्हींच्या चढत्या कडांमधले अंतर आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने मायक्रोसेकंदांत मोजायचे आणि ते तासागणिक किती सरकते ते पाहायचे. १ पीपीएमची चूक असेल तर अंतर तासाला ३.६ मिलिसेकंद सरकते. म्हणजे जी चूक नुसत्या डोळ्याने पाहायला महिना लागला असता ती एका तासात हाती येते. घरी २७ अंशांवर केलेल्या पहिल्याच मोजणीत अंतर तासाला ५ मिलिसेकंदांनी सरकले, म्हणजे आयसी १.४ पीपीएम पुढे धावत होता.

पुढे धावतो तर आकडा कमी करावा, अशा साध्या समजुतीने मी रजिस्टरमध्ये उणे १४ लिहिले. तासाभराने पाहतो तो अंतर १० मिलिसेकंदांनी सरकलेले. या रजिस्टरमध्ये अधिक आकडा लिहिला की क्रिस्टलवरची क्षमता वाढते आणि घड्याळ मंद होते. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले आहे, मी ते नीट वाचले नव्हते. अधिक १४ लिहिल्यावर चूक ०.२ पीपीएमवर आली आणि अधिक १६ ला जवळपास नाहीशी झाली.

जवळपास म्हणण्याचे कारण असे की आकडे रात्री एक सांगत आणि दुपारी दुसरेच. दोन रात्री मी डीएस ३२३१ वर संशय घेतला. पण मोजणारा नॅनो स्वतः सिरॅमिक रेझोनेटरवर, म्हणजे क्रिस्टलऐवजी वापरल्या जाणाऱ्या कमी अचूक भागावर, चालत होता, ज्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते आणि तापमानाबरोबर बदलते. दोन कडांमधले अंतर ५०० मिलिसेकंदांच्या आसपास होते, आणि इतके मोठे अंतर मोजताना रेझोनेटरमधला दशांश टक्क्याचा बदलही अर्धा मिलिसेकंद होतो. उपाय सोपा होता. जीपीएसच्या लागोपाठच्या दोन स्पंदांमधला काळही त्याच नॅनोने मोजायचा आणि अंतराला त्याने भागायचे. मोजणाऱ्याची चूक अंश आणि छेद दोन्हींत सारखीच येते आणि निघून जाते. त्या रात्री १० तासांत अंतर दीड मिलिसेकंदाच्या आत राहिले, म्हणजे चूक ०.०४ पीपीएमच्या आसपास. ते ५०० मिलिसेकंद अंतर तेवढे का आहे, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

एप्रिलमध्ये घड्याळ अभ्यासिकेत लावले आणि जीपीएसचा अँटेना चार दिवस गॅलरीत ठेवून तेथेही मोजणी केली. दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान घड्याळ दररोज १६ मिलिसेकंद मागे पडत होते, म्हणजे ०.९ पीपीएम. खोलीत ४० अंश होते, पण आयसीच्या तापमान रजिस्टरमध्ये ५२ दिसत होते. सुमारे ५ वॅटची उष्णता आकड्यांमधून आणि त्यांच्या रेझिस्टरांमधून निघत होती, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ७८०५ रेग्युलेटर आपली भर घालत होता, आणि गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेले असूनही मी डीएस ३२३१ पेटीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात बसवला होता. रेग्युलेटर काढून तेच काम कमी तापून करणारा बक कन्व्हर्टर घातला, आणि आयसी पेटीच्या खाली, भोके पाडलेल्या वेगळ्या डबीत आणला. रजिस्टर ४२ वर आले आणि दुपारची मंदी ०.३ पीपीएम झाली. खोलीतल्या उजेडाप्रमाणे आकडे मंद करण्याची सोय डोळ्यांसाठी केली होती, तिनेही संध्याकाळनंतरची उष्णता थोडी कमी केली. मे महिना असा समाधानात गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी लॅपटॉप राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी घरी जुळवून तसाच अभ्यासिकेत नेला, घड्याळाशेजारी धरला आणि दोन्ही एका चौकटीत येतील असे मोबाईलने चित्रित केले. सेकंदाला ३० चित्रे असल्यामुळे एका चित्राला ३३ मिलिसेकंद पडतात. लॅपटॉपवरचा सेकंद बदलल्यानंतर आमच्या घड्याळाचा तोच सेकंद बदलेपर्यंत ४६ चित्रे मोजली गेली. दीड सेकंद. ज्या घड्याळाचा वेग मी दशलक्षाच्या शतांशात तपासला होता ते लावल्या दिवसापासून दीड सेकंद मागे होते.

हा दीड सेकंद दोन वेगळ्या चुकांचा बनलेला होता आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. जीपीएस मॉड्यूल आधी स्पंद देते आणि त्यानंतर काही शे मिलिसेकंदांनी मजकुरात वेळ सांगते. तो मजकूर होऊन गेलेल्या स्पंदाविषयी असतो. मी मजकूर वाचून पुढच्या स्पंदाला तीच वेळ आयसीत लिहीत होतो. तेथे एक मिळवायला हवा होता, म्हणून पहिला पूर्ण सेकंद तेथे गेला. दुसरे असे की डीएस ३२३१ मध्ये सेकंदाचा आकडा लिहिताच त्याची आतली मोजणी शून्यापासून सुरू होते, पण चौरस लहर वर चढते ती त्यानंतर ५०० मिलिसेकंदांनी. सेकंद बदलण्याचा खरा क्षण लहर खाली उतरण्याचा आहे, आणि मी आकडे बदलण्यासाठी चढती कड धरली होती. अर्धा सेकंद तेथे गेला. मार्चमधल्या त्या ५०० मिलिसेकंदांच्या अंतराचा अर्थ हाच होता, आणि मी त्याला योगायोग समजून केवळ ते किती सरकते एवढेच पाहत राहिलो होतो. वेग बरोबर असणे आणि वेळ बरोबर असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माझी सगळी मोजणी पहिलीची होती आणि दुसरीची एकदाही केलेली नव्हती.

प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बदलल्या. वेळ लावण्याची रीतही पक्की केली. जीपीएसचे स्वतःचे घड्याळ प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे चालते, कारण त्यात लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी प्रमाणवेळेत अधूनमधून घातलेले जादा सेकंद, धरले जात नाहीत. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला होता. रिसीव्हरला हा फरक उपग्रहांकडून कळायला साडेबारा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तोपर्यंत त्याची वेळ एकदोन सेकंदांनी चुकलेली असू शकते. म्हणून आता अँटेना लावल्यावर मी वीस मिनिटे थांबतो, मग वेळ लिहितो आणि त्यानंतर चित्रीकरण करून खात्री करतो. १ जुलैला अशा रीतीने लावलेले घड्याळ चित्रीकरणात एका चित्राच्या आत जुळले.

येथे गुरुजींनी विचारलेला एक प्रश्न नोंदवावासा वाटतो. त्यांच्या वडिलांच्या घरी अंगणातल्या खांबाच्या सावलीवरून मध्यान्ह ठरवत, आणि ते घड्याळातल्या बाराला कधीच होत नसे, ते का? आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सातारा ७४ अंशांवर आहे. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणून साताऱ्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी ३४ मिनिटे मागे असतो. सावली खरेच सांगत होती, फक्त ती साताऱ्याची वेळ सांगत होती.

जुलैपासून दर महिन्याच्या १ तारखेला मी पिशवी घेऊन जातो, गॅलरीत अँटेना ठेवतो आणि फरक मोजतो. गुरुजी तो आपल्या जुन्या वहीतच लिहितात. जुलैअखेर घड्याळ ०.१ सेकंद पुढे होते, ऑगस्टअखेर ०.३, आणि डिसेंबर संपला तेव्हा एकूण ०.९ सेकंद पुढे. सहा महिन्यांत एक सेकंदही पुरा झालेला नाही आणि मधल्या काळात वीज अनेकदा गेली तरी सेलवर मोजणी चालू राहिली. पावसाळ्यात व थंडीत ते किंचित पुढे जाते आणि उन्हाळ्याच्या दुपारी किंचित मागे पडेल, असा माझा अंदाज आहे. वेळ नीट लावल्यापासून पत्र्याखालचा मे महिना या घड्याळाने अजून काढलेला नाही.

१ जानेवारीला वहीत ०.९ लिहून झाल्यावर गुरुजींनी विचारले, "मग आता शून्यावर आणून टाकायचं ना?" मी त्यांना मे संपेपर्यंत हात लावू नका अशी विनंती केली. आता दुरुस्त केले तर उन्हाळ्यात ते किती मागे आले आणि वर्षाचा हिशेब कोठे मिटला हे कळणार नाही, आणि एजिंगमधला १६ चा १७ करायचा की नाही हेही ठरवता येणार नाही. त्यांनी मान डोलावली, त्या नोंदीपुढे 'दुरुस्त केले नाही' असे लिहिले आणि खाली तारीख घातली.